धान कापेपर्यंत

आमच्या घराच्या दारात पायपुसणं नाही. येणारा माणूस चपला काढतो, सवयीने खाली बघतो आणि पाय कुठे पुसावेत ते न कळून तसाच आत येतो. म्हणजे आला तर. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, विजेचं बिल फाटकावरून आत पडतं, त्यामुळे तक्रार करायला फारसं कोणी नाही. पूर्वी होतं पायपुसणं. काथ्याचं, जाड, 'सुस्वागतम्' लिहिलेलं. त्याचा मी धान लावला.

सध्या भंडाऱ्यात सगळीकडे धानाचाच वास आहे. दिवाळी सरली, लवकर येणारा हलका धान कापून झाला, उशिराचा भारी धान अजून उभा आहे. सकाळी दुकानाचं शटर वर करताना वैनगंगेकडून धुकं येतं आणि त्याच्याबरोबर ताज्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ओलसर, गोडसर वास. माझं औषधांचं दुकान आहे, मोठ्या दवाखान्यासमोर. स्पिरिट आणि खोकल्याच्या औषधाने माझं नाक केव्हाच कामातून गेलं आहे, तरी हा वास मला येतो. तो आला की समोरच्या भिंतीवर मंडईची पोस्टरं चिकटायला लागतात.

भाजीची मंडई नव्हे. आमच्याकडे दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपला एक दिवस ठरवतं आणि त्या दिवशी गावात जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. पाळणे येतात, जिलबीच्या कढया लागतात, रात्री दंडारीची नाटकं रंगतात, सासरी गेलेल्या मुली पोरंबाळं घेऊन येतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची, असं महिनाभर चालतं. जिल्ह्यात एवढी माणसं एकमेकांकडे जात असतात त्या दिवसांत, की एकट्या माणसाला आपलं एकटेपण जरा जास्तच दिसतं. मला तरी दिसतं.

एकटा म्हणजे, तसा मी बायको-मुलगी असलेला माणूस. पण मुलीचे क्लासेस नागपूरला, त्यामुळे बायको तिच्याबरोबर तिकडे खोली घेऊन राहते. दुकान सोडून मला जाता येत नाही. रविवारी कधी मी जातो, कधी त्या येतात, आणि परीक्षा जवळ आली की कोणीच कुठे जात नाही. घरात सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आहे. पहिले काही महिने मी त्या टेबलाशी बसून जेवलो. पाच रिकाम्या खुर्च्यांसमोर वरणभात खाताना सभेला कोणी न आलेल्या पुढाऱ्यासारखं वाटायचं. मग एकदा मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ दिसला. तो टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडून करंगळीच्या पेराएवढ्या सैनिकांची लढाई खेळत होता. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, पलटणी पुढे सरकवायच्या. मी सैनिक मागवले. भिंग लावून रंगवले. गोळ्यांच्या पट्ट्या कापून कापून माझा हात त्या कामाला तयारच होता.

सहा खुर्च्यांच्या टेबलावर मी वैनगंगेकाठचं एक गाव मांडलं. कौलारू घरं, चिंचेचं झाड, गावात धान्याची कोठी. कोठी राखणारे तांबडे, कोठी घ्यायला आलेले निळे. आणि दोघांच्या मध्ये धान. तो कशाचा करावा याचा बरेच दिवस विचार केला. एका दुपारी दारातल्या पायपुसण्याकडे लक्ष गेलं. उभा काथ्या, पिवळसर, टोकाला जरा झुकलेला. ब्लेडने त्याचे चौकोनी तुकडे केले, मध्ये मातीचे धुरे, म्हणजे बांध, घातले, आणि लोंबीवर आलेला धान टेबलावर उभा राहिला. बायकोने पुढच्या खेपेला दारात उभं राहून विचारलं, पायपुसणं कुठे गेलं? मी म्हटलं, शेतात. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

खेळ सगळा जमला, अडचण एकच होती. तो दोघांचा खेळ आहे, आणि माझ्या माहितीत भंडारा जिल्ह्यात तो खेळणारा मी एकटाच. मग मी दोन्ही बाजूंनी खेळायचो. तांबड्यांची चाल झाली की उठायचं, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि आत्ताच स्वतः केलेला बेत आपल्याला ठाऊक नाही असं सोंग आणायचं. सुरुवातीला गंमत वाटली. पुढे पुढे त्या वळशाचाच कंटाळा यायला लागला. जेवायला टेबलाचा एक कोपरा तेवढा मोकळा ठेवला होता, चिंचेच्या झाडामागचा. तिथे ताट ठेवून जेवायचं आणि दोन्ही सैन्यांकडे बघायचं.

घराबाहेरच्या कोणी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते हटवार गुरुजींनी. गुरुजी म्हणजे दवाखान्यासमोर पत्र्याच्या शेडमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना फुकट जेवू घालणारे निवृत्त मास्तर. दवाखान्यात भरती झालेल्याला जेवण मिळतं, त्याच्यासोबत आलेला मात्र दारात बसून असतो. कोणी तीन विटांवर भात शिजवतं, कोणी चहा-बिस्किटावर दिवस काढतं. माझ्या काउंटरवरून ते सगळं दिसायचं. गुरुजी आणि त्यांच्या बाई रोज दोन मोठे गंज भरून भात रांधायचे आणि वरणाबरोबर वाढायचे. तांदूळ एका राइस मिलवाल्याकडून यायचा. गेल्या वर्षी दिवाळीआधी त्याने मिल विकली आणि तो मुलाकडे रायपूरला गेला. गुरुजी ते सांगायला घरी आले होते. असलेला तांदूळ दिवाळीपर्यंत पुरेल, मग गंज पालथे घालावे लागतील, असं म्हणाले. बोलता बोलता त्यांचं टेबलाकडे लक्ष गेलं. मी खेळ समजावून सांगितला. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो तेही सांगितलं.

"मंग हारते कोन?" गुरुजींनी विचारलं.

मी चहा टाकला. तो पिऊन गुरुजी गेले. पण तो प्रश्न आणि पालथे पडणारे गंज, दोन्ही माझ्या घरात राहून गेले.

त्या परदेशी व्हिडिओवाल्यांची एक रीत मला ठाऊक होती. ते लोक कधी कधी मोठी मांडणी करून एखाद्या कामासाठी मदत गोळा करतात. फासा वाईट पडला तर डब्यात काही तरी टाकायचं आणि पुन्हा फेकायचा. म्हणजे जितकं नशीब फुटकं तितकी मदत मोठी. मला वाटलं, आपल्याकडे डब्याऐवजी पोतं ठेवावं. मंडईत टेबल मांडायचं. खेळायचं असेल त्याने पायलीभर तांदूळ आणायचा, आणि फासा बदलून हवा असेल तर वर मूठभर. गुरुजींनी आधी डोकं खाजवलं आणि मग गोणपाट आणायला स्वतःच गेले.

पहिली मंडई कारध्याची, नदी ओलांडली की गाव. प्लायवूडवर सगळा देखावा चिकटवून घेतला होता, तो टेम्पोतून नेला. फासे मांडले आणि पाच मिनिटांत भोवती गर्दी. मी खूश. पण लोक सैनिकांपुढे दहा-दहाच्या नोटा ठेवायला लागले. मग लक्षात आलं, मंडईत फासे म्हणजे झंडीमुंडी. जुगार. थोड्या वेळाने पोलीस पाटीलच आले, गुरुजींना बघून चपापले आणि म्हणाले, गुरुजी, तुमीही? गुरुजींनी त्यांना बाजूला नेऊन सगळं समजावलं. पाटलांना खेळ कळला की नाही कोण जाणे, पण भात कळला. त्यांनी घरून तांदूळ मागवला, निळ्यांच्या बाजूला बसले आणि हरले.

हरण्याचं कारण मात्र माझ्या नियमांत नव्हतं. मी लिहून ठेवलं होतं, धानातून जाताना चाल निम्मी. म्हणजे सैनिक धानातून जाऊ शकतात, फक्त हळू. पाटील गेलेच नाहीत. सगळी पलटण त्यांनी एकामागे एक धुऱ्यावरून काढली, धानाची काडी न मोडता. धुऱ्यावर रांगेत आलेली माणसं माझ्या तांबड्यांनी एकेक करून टिपली. मी सांगून पाहिलं, धानातून न्या, पटकन पोचाल. ते माझ्याकडे असं बघत राहिले की मी माझी चाल करून टाकली. मला वाटलं, एखादाच असा. पण मोहाडीला तेच, आणि मधल्या लहान गावांतही तेच. कोणी येवो, म्हातारा, तरणा, शाळामास्तर, ट्रॅक्टरवाला, सगळे आधी विचारत, हा धान कोनाचा? आणि मग धुऱ्यावरून जाऊन मरत. मी भंडाऱ्याचा खरा, पण आमच्या घराचा शेतीशी संबंध आजोबांबरोबर संपला. एवढे महिने मी दोन्ही सैन्यं त्या धानातून बिनदिक्कत तुडवत नेली होती आणि मला एकदाही काही वाटलं नव्हतं. पायपुसणंच ते, शेवटी.

लोक हरत होते आणि पोतं भरत होतं. फासा बदलून मागण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. एक मूठ, आणखी एक मूठ, मग शेजारी उभा असलेला मेहुणाही आपल्या खिशातली मूठ टाकायचा. जे नेहमी मंडईत पाळण्याला पैसे देतात त्यांनी तांदूळ दिला. संध्याकाळी टेम्पोत पोत्याला टेकून घरी येताना मला झोप लागायची. दिवसभर समोरच्या खुर्चीत कोणी ना कोणी असायचं, तिकडे वळसा घालून जावं लागत नव्हतं, याचं सुख काही वेगळंच होतं. कितीतरी दिवसांनी मी दमलो होतो.

सिहोऱ्याची मंडई त्या मोसमातली शेवटची. तिथे सेवंताबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, हिरव्या लुगड्याच्या, डोक्यावर टोपली. टोपलीत तांदूळ. पोत्यात ओतून झाल्यावर त्यांनी गुरुजींना नमस्कार केला. नवऱ्याच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दवाखान्यापुढे राहिल्या होत्या आणि गुरुजींच्या शेडमध्ये जेवल्या होत्या. नवरा आता बरा आहे, काठी घेऊन धुऱ्यावर जातो, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या आणि हे का हाये म्हणून विचारलं. मी खुर्ची दिली. नियम सांगितले. त्या मन लावून ऐकत होत्या, मध्येच एकदा एका निळ्या सैनिकाची वाकलेली बंदूक त्यांनी नखाने सरळ केली.

त्यांचं पहिलं दान चांगलं पडलं. निळे झपाट्याने पुढे आले आणि धानाच्या कडेला पोचले. मी तांबड्यांच्या बंदुका धुऱ्यावर रोखून तयार होतो. सेवंताबाईंनी धानाकडे पाहिलं, धुऱ्याकडे पाहिलं, माझ्या बंदुकांकडे पाहिलं.

"आमी थांबतो," त्या म्हणाल्या.

मी माझी चाल केली. पुन्हा त्यांची पाळी. पुन्हा थांबतो. मी म्हटलं, मावशी, किती वेळ थांबणार?

"धान कापेपर्यंत," त्या म्हणाल्या. "लोंबीवर आलेल्या धानात कोनी पाय टाकते का भाऊ? आन धुऱ्यावर तं तुमी मारून राहिले. मंग थांबलेलं बरं. घाई कोनाले हाये?"

भोवतीचे लोक हसले, पण त्यांना ते पटलं होतं. मी खुर्चीत मागे टेकलो. इतक्या दिवसांत कोणी थांबलं नव्हतं. मी कोठी सोडून पुढे गेलो तर कोठी उघडी पडत होती, आणि न जावं तर करायलाच काही नव्हतं. माझ्या नियमांप्रमाणे दिवस मावळेपर्यंत कोठी घेतली नाही तर निळे हरले. दिवस मावळला. नियमाने मी जिंकलो होतो. ते मी सेवंताबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या 'असू द्या' म्हणून टोपली उचलून गेल्या असत्या आणि खेळ संपला असता. तो संपू नये असं मला फार वाटत होतं.

उठताना त्यांनी मूठभर तांदूळ पोत्यात टाकला. मी म्हटलं, तुम्ही फासा तर बदलून घेतला नाही. त्या म्हणाल्या, पडला तो पडला, तांदूळ भातासाठी हाये. मग टोपली डोक्यावर घेऊन त्यांनी बजावलं, पुढच्या मंडईले येतो, तवर हलवू नका.

मी हलवलं नाही. सैनिक होते तिथेच मेणाने चिकटवून प्लायवूड घरी आणलं. गुरुजींचे गंज दवाखान्यापुढे हिवाळाभर चुलीवर राहिले. लोक पुढेही स्वतःहून तांदूळ आणून टाकत राहिले, कारध्याच्या पाटलांनी तर ते आपल्यावरच घेतलं. आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर निळे सैनिक धानाच्या कडेला उभे राहिले. उन्हाळा झाला, धूळ बसली, मी बारीक कुंचल्याने झटकली. रोवणीचे दिवस आले, दुकानात पायाला चिखल्या झालेल्या बाया मलम न्यायला आल्या, आणि घरात माझा धान तसाच पिकलेला. मुलगी आली की विचारायची, बाबा, दुसरी लढाई का नाही मांडत? मी म्हणायचो, त्यांची पाळी आहे. बायको विचारायची, कोणाची? हे तिला फोनवर समजावणं कठीण होतं. सिहोऱ्याची एक बाई पुढच्या वर्षी येणार आहे म्हणून मी कोपऱ्यात जेवतो, असं कसं सांगणार.

खरं सांगतो, ते वर्ष वाईट गेलं नाही. घरी येऊन कुलूप उघडताना आत कोणी नसायचं, पण समोरच्या खुर्चीची चाल बाकी असायची. नुसतं एकटं असण्यापेक्षा कोणाची तरी वाट पाहत एकटं असणं मला सोपं गेलं. आता वळसा घालून तिकडे बसायचं नव्हतं. ती खुर्ची दुसऱ्याची होती.

यंदा पुन्हा पोस्टरं लागली. सगळ्यांसाठी मी दुसरं प्लायवूड केलं, आणि त्यात धानाऐवजी पडीक जमीन ठेवली, म्हणजे लोक निदान जिंकतील. सिहोऱ्याच्या मंडईला मात्र दोन्ही प्लायवूड नेली. जुनं गावातल्या खऱ्या चिंचेखाली मांडलं, समोर खुर्ची ठेवली. दोघा-तिघांनी बसायला पाहिलं, मी बसू दिलं नाही. गुरुजी पोत्यापाशी बसून हे सगळं बघत होते. दुपार झाली. जिलबीवाल्याची दुसरी कढई संपली. मी इतक्यांदा रस्त्याकडे पाहिलं की मानेला रग लागली.

मग एक बाई आली, तशीच टोपली घेऊन. सेवंताबाईंची जाऊ. तांदूळ ओतून तिने विचारलं, दवाईवाले भाऊ तुमीच का?

"बाई लेकीच्या बाळंतपणाले गेली बालाघाटकडे," ती म्हणाली. "नातू झाला. मले सांगून गेली, भाऊले विचार, धान कापला का मना. कापला असंन तं आमची मानसं आता पाठवा मना."

मी धानाकडे पाहिलं. वर्षभर मी त्यावरची धूळ झटकली होती. पट्टी कापायची कात्री सामानात होती. मी खाली वाकून कापायला लागलो. एक म्हातारे बाबा शेजारी उकिडवे बसले आणि इकून कापा, हे आधी वाळलं, असं सांगायला लागले. जाऊबाईंनी काथ्याच्या इवल्या कडपा करून धुऱ्याला लावल्या, अगदी शेतात वाळायला ठेवतात तशा. बघता बघता धुऱ्यांमधल्या बांध्या मोकळ्या झाल्या, खाली नुसती धसकटं राहिली. कोणी घाई केली नाही. कापणी नीट झाली.

मग मी उठलो, टेबलाला वळसा घातला आणि समोरच्या खुर्चीत बसलो. फासा टाकला. सेवंताबाईंचा होता तो, म्हणून पडला तसा राहू दिला. निळे मोकळ्या बांध्यांतून सरळ चालत निघाले, सगळे एकदम, रुंद रांगेत. माझ्या बंदुका अजून धुऱ्यावरच रोखलेल्या होत्या. वर्षभर मी त्या वळवल्या नव्हत्या, कारण पाळी त्यांची होती. कोठी गेली.

"जितली का ते?" जाऊबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, हो, जिंकल्या. मी हरलो. गुरुजी पोत्यापाशी हसले. मी जाऊबाईंना म्हटलं, पुढच्या मंडईला येईन म्हणाल्या का?

"सांगीन मी," ती म्हणाली. मग टोपली उचलता उचलता थांबली. "पन नातू सोडून आता कायले येते ते."

तेही खरंच होतं. मी माझ्याकडचा मूठभर तांदूळ पोत्यात टाकला, पण तिला दिसू दिलं नाही.

घरी येऊन सैनिक डब्यांत भरले. प्लायवूड कपाटामागे उभं केलं. टेबल ओल्या फडक्याने पुसलं. वर्षभर झाकलेल्या जागेचा रंग कडेपेक्षा गडद निघाला. पोळ्या सकाळच्याच होत्या, वरण गरम केलं, ताट वाढून आणलं. सगळं टेबल मोकळं होतं, कुठेही बसता आलं असतं. मी कोपऱ्यात बसलो.